कोणाचं लेकरू

विल्मिनने खुर्ची पुढे ओढली, तशी ड्रिका पुन्हा उठली.

"घेवड्याखालचा गॅस बारीक करून येते."

"आई, आत्ताच केलास तू."

"मग मोठा करून येते."

विल्मिन लॅपटॉपच्या कडेवर बोटं वाजवत बसली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. बाहेर वारा नुसता भणाणत होता, तारेवरच्या चादरी एकमेकींना पीळ घालत होत्या. दुपारी चारला तिची 'अंगण' ही वेबसाइट सगळ्यांसाठी उघडायची होती आणि ज्या बाईवर सारी भिस्त, तिचंच नाव अजून नोंदवायचं राहिलं होतं.

शहरातल्या मोठ्या साइटवर आपल्या भागातल्या कोणी चार ओळी लिहिल्या की लगेच कोणीतरी विचारायचं, ही कसली आफ्रिकान्स भाषा? आणि खाली हसणाऱ्यांची रांग लागायची. त्या संतापात विल्मिनने वाचनालयातली नोकरी सांभाळून वर्षभर खपून स्वतःची साइट उभी केली. हसणाऱ्यांना दारातच अडवायचं म्हणून सभासद होण्याच्या अर्जात एक प्रश्न घातला, जो आपल्याकडे कोणीही परक्या माणसाला आधी विचारतं: तू कोणाचं लेकरू? आईबापाचं नाव सांगावं लागलं की माणूस जरा जपून बोलतो, असा तिचा हिशेब. आणि उत्तर खरं की थाप, हे ठरवायला आई, सगळ्यांची ड्रिका आंटी, होतीच. व्रेडेंडालपासून वर नामिबियाच्या सीमेपर्यंत तिला ठाऊक नाही असं घर नव्हतं.

फोन वाजला. साइटची तांत्रिक बाजू केपटाऊनहून बघणारा मर्विन होता.

"आंटीचं झालं?"

"चुकवतेय. नमनालाच घडाभर तेल."

"सबंध जगाची वंशावळ पाठ आहे म्हातारीला, स्वतःची विसरली की काय?" मर्विन हसला. "पंधरा-वीस मिनिटांत उरक हं. चारला उघडतो."

ड्रिका हात पुसत बाहेर आली. हात कोरडे होते तरी पुसत राहिली. विल्मिनने नाव भरलं, गाव भरलं, जन्मसाल भरलं, आणि थांबली.

"आता सांग. कोणाचं लेकरू?"

"ते मोकळं सोड."

"सोडता येत नाही. सक्तीचं आहे."

"कोणी केलं सक्तीचं?"

"मी."

"मग घाल काहीतरी."

"काहीतरी काय? सगळ्यांची उत्तरं तू तपासणार आणि तुझंच खोटं? आजी-आजोबा स्टाइनकॉफ गावाकडे वारले म्हणायचीस ना? त्यांची नावं सांग."

"म्हणायचे," ड्रिका म्हणाली. "पोरांना काहीतरी सांगावं लागतं."

ती खुर्चीच्या टोकावर बसली. टेबलावरचं बिस्किट उचलून तिने त्याचे दोन तुकडे केले, मग चार. खाल्ला एकही नाही.

"मिशनच्या पायरीवर सापडले मी. दोनेक महिन्यांची असेन. तिथल्या नर्सचं नाव हेंड्रिका, तेच मला लावलं. वाढदिवस पण त्यांनीच ठरवला. तू दरवर्षी केक करतेस ना, तो."

विल्मिनला आधी रागच आला. एवढी वर्षं एका घरात राहून आईने हे पोटात ठेवलं, याचा राग. मग तिला दुकानातल्या रांगा आठवल्या, लग्नाचे मांडव आठवले, बसथांबे आठवले. जिथे तिथे आई परक्या माणसाच्या बाहीला धरून विचारायची, कोणाचं लेकरू रे तू? शाळेत असताना विल्मिन शरमेने चार पावलं पुढे निघून जायची. आंटीला भारी पंचाइती, असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि घरी येऊन तीही तेच म्हणायची. आता मात्र तिला ती पंचाइती वाटेना.

"मी हा प्रश्नच काढून टाकते," ती घाईघाईने म्हणाली. "मर्विनला सांगते. दोन मिनिटांचं काम आहे. मी मूर्खासारखं–"

ड्रिकाने तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"हात लावू नकोस त्याला."

"अगं, पण तुला त्रास–"

"साठ वर्षं मी एकेकाला धरून विचारत आले. तू एका महिन्यात किती जणांना विचारलंस?"

विल्मिनने आकडा बघितला. नुसत्या चाचणीच्या महिन्यात दोनशे बारा जणांनी उत्तर दिलं होतं. ऑस्ट्रेलियातून, लंडनहून, बोटींवरून, खाणीतल्या वसाहतींमधून.

"दोनशे बारा."

ड्रिकाने ॲप्रनच्या खिशातून चष्मा काढला, काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला. आतून करपल्याचा वास आला. ती उठली नाही.

"वाच."

"सगळी?"

"सगळी. सावकाश वाच."

विल्मिनने वाचायला सुरुवात केली. ती एकेक शब्द सुटा करून वाचत होती.

"डेलमेन लिंक्स. आता पर्थला असते. कॉनकॉर्डियाच्या व्हिलेम लिंक्सचं लेकरू. आई सूझन. आजी फ्याको, मिशनच्या शाळेत स्वयंपाकाला होती."

"कोणत्या मिशनच्या?"

"लिहिलं नाहीये."

"आणि त्या आजीला मुलं किती झाली? जगलेली, न जगलेली, दुसऱ्यांकडे दिलेली, सगळी धरून?"

विल्मिनने पान वरखाली केलं. तिथे काही असणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

"ते आपण विचारलेलंच नाही, आई."

ड्रिकाने चष्म्यावरून लेकीकडे बघितलं. फोन पुन्हा वाजला.

"चार वाजले," मर्विन म्हणाला. "उघडू का?"

"थांब जरा," विल्मिन म्हणाली. "आणखी एक प्रश्न घालायचाय. तोही सक्तीचा."