पहाटेची बस

नगरपालिकेच्या साहेबांनी सभेत तीन नावं वाचली: वाचनालय, पहाटेची बस आणि ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र. तिजोरीत खडखडाट आहे, यातलं एक बंद होणार, कुठलं ते पुढच्या आठवड्याच्या सभेत तुम्हीच हात वर करून सांगा, म्हणाले. गळा कुणाचा कापायचा ते लोकांनी ठरवायचं आणि साहेब नामानिराळे.

विरंगुळा केंद्राला सगळे म्हाताऱ्यांचं पाळणाघर म्हणत. इस्त्रीवालीचा जीव तिथेच अडकला होता. तिच्या वडिलांची आठवण पार गेली होती. दुकानात बसवलं की तापल्या इस्त्रीवर हात ठेवायचे, नजर चुकली की रस्त्याला लागायचे. पाळणाघरात एकट्या ताईंचा कारभार. त्यांच्या हातून मात्र ते निमूट जेवायचे. पोटच्या लेकीला "बाई, आपण कोण?" विचारणारा माणूस ताईंना बरोबर ओळखायचा. हे तिला लागायचं, पण दुकान चालत होतं ते त्यामुळेच.

म्हणून आठवडाभर ती कपड्यांच्या गठ्ठ्याबरोबर प्रचारही घरोघरी पोचवत होती. "वहिनी, वाचनालय राहू द्या, पोरं अभ्यास करतात. बसच्या नावाला हात वर करा. पहाटे त्या बसमध्ये असतं कोण? ड्रायव्हर आणि त्याची जांभई!" लोक हसायचे. हसलेला माणूस अर्धा आपला झाला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बँकेतल्या काकांच्या शर्टांना तर तिने फुकट इस्त्री करून दिली.

हात वर करायच्या सभेत निवृत्त मास्तर तेवढे आडवे आले. "बस बंद केलीत, तर इथे कामाला येणारी माणसं येणार कशी?"

"ती इथली आहेत का? इथल्यांचं बोला!" इस्त्रीवाली ताडकन म्हणाली. टाळ्या पडल्या.

ताई मागे भिंतीशी उभ्या होत्या. त्या बाहेरच्या, त्यांना हात वर करायची मुभा नव्हती. बसच्या नावाला भराभर हात वर झाले, तेव्हा त्यांनी इस्त्रीवालीकडे पाहिलं. तिने लांबूनच हसून खूण केली, वाचलो आपण. ताईंनी मान खाली घातली. गहिवरल्या असतील, असं तिला वाटलं.

बस बंद झाली त्या सकाळी ती वडिलांना घेऊन पाळणाघराशी आली, तर दाराला कुलूप. शेजारी शिपाई बसला होता.

"ताईंनी नोकरी सोडली. पहिली बस आता दुपारची, येणार कशा?"

रोज ती यायची तेव्हा दार उघडं असायचं, चहाचं आधण ठेवलेलं असायचं. ताई येतात कशाने, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"दुसरं कुणी?"

"साहेब म्हणतात, नवीन माणूस घ्यायला पैसे नाहीत."

वडिलांनी तिची बाही ओढली. "बाई, ताई कुठे गेल्या?"

"त्या इथल्या नव्हत्या," तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

वडील पायरीवर टेकले. "येतील त्या. मी थांबतो," ते समजुतीने म्हणाले. "तुम्ही जा, बाई. तुमच्या घरचं कुणी वाट बघत असेल."