सहाशे किलोची बादली

शाळेतले फिजिक्सचे सर फळ्यावर एक आकृती अर्धवट ठेवून दुसऱ्या नोकरीवर गेले. दुसरे सर काही आले नाहीत. वर्गाच्या बाईंनी सांगून टाकलं, वरच्या पातळीचा पेपर द्यायचा असेल त्यांनी घरी बसून आपापला करावा. पेपर दोन, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी. फॉर्मवर खूण मात्र एकाच चौकोनात. इंजिनिअरिंगला जायचं तर त्यात पास होणं भाग होतं. फॉर्म आज पाचच्या आत द्यायचा होता.

भिंगरीला खरं तर विचार करायचं कारण नव्हतं. मेकॅनिक्स तिच्या हातचा मळ होता, आणि इलेक्ट्रिसिटीचं पुस्तक उघडलं की सगळं डोक्यावरून जायचं. अडचण खोलीची होती. खोली एकच, मोठ्यानं वाचल्याशिवाय भिंगरीला काही कळायचं नाही, आणि खाटेवर बाबा.

बाबा लिफ्टचे मिस्त्री. आठ महिन्यांपूर्वी दोरी तुटून लिफ्ट त्यांना आणि त्यांच्या जोडीदाराला घेऊन चौथ्या मजल्यावरून तळाला गेली. जोडीदार गेला. बाबा वाचले, पण कमरेच्या वरचे तेवढेच.

आणि मेकॅनिक्सच्या पुस्तकात दर तिसऱ्या गणितात लिफ्ट. लिहिणाऱ्याला जिना ठाऊकच नसावा. मग भिंगरी वाचताना लिफ्टच्या जागी बादली घालायची. बादली वर जाते, बादली खाली येते. तीन महिने अशा बादल्या उपसून झाल्यावर आज दुपारी तिनं वाचलं, "सहाशे किलोच्या बादलीत दोन माणसं उभी आहेत."

"बादली बरीच ऐसपैस दिसते," बाबा छताकडे बघत म्हणाले. "दार आहे का गं तिला?"

भिंगरीनं पुस्तकात तोंड खुपसलं.

"चौथा मजला म्हणजे बारा मीटर धर. दोरी तुटली तर तळाला यायला किती वेळ?"

असं पुस्तकात विचारलेलं नाही, असं ती म्हणाली. मी विचारतोय, असं ते म्हणाले. उत्तर तिनं पहिल्याच आठवड्यात काढून ठेवलं होतं, औषधासारखं, कधी लागलं तर असावं म्हणून.

"दीड सेकंदाच्या जरा वर. तेवढ्यात कुणालाच काही करता येत नाही, बाबा. धड शिंकसुद्धा होत नाही."

बाबांनी चुटकी वाजवून दीड सेकंद मोजून पाहिला. आठ महिने ते पडताना आपलं काय चुकलं ते शोधत होते, हे जरा उशिराच तिच्या ध्यानात आलं.

"म्हणजे करायचं ते आधीच करायला हवं होतं," ते म्हणाले. "दोरी तुटली तर लिफ्ट धरतो तो ब्रेक मी तपासायचा होता, त्या सकाळी. जेवून आल्यावर बघू म्हटलं."

भिंगरीनं पेन उचललं, इलेक्ट्रिसिटीच्या चौकोनात खूण केली आणि पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म देऊन आली. बाईंनी विचारलं, अगं, तुला तर मेकॅनिक्स येतं ना? ती म्हणाली, "येतं. म्हणूनच."

संध्याकाळी तिनं न कळणारं पुस्तक उघडलं. पहिल्याच गणितात लिफ्टची मोटर. तिनं मोठ्यानं वाचलं, "एका पंपाची मोटर दोन माणसांना चौथ्या मजल्यावर नेते."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पंप माणसं कशी नेतो, ते त्यांनी विचारलं नाही.