माझे जबडे घासलेले नाहीत

मित्रांनो, मी एक जुना चक आहे, आणि चाकणच्या या शेडमध्ये केंद्र नेमकं कुठं असतं हे फक्त मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर मलाही नाही. ते लेथ चालवणाऱ्या भिवाला शोधावं लागतं.

लेथच्या तोंडाशी मी बसतो आणि घडवायचा तुकडा, म्हणजे जॉब, चार जबड्यांत धरून गरगर फिरतो. शेजारच्या तीन जबडेवाल्याची चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम हलतात, मालकाच्या विनोदावर हसणाऱ्यांसारखे. माझ्या चौघांचे स्क्रू वेगळे, मतंही वेगळी. म्हणून वेडावाकडा जॉब आला की तो शेजारी मान टाकतो आणि मला बोलावणं येतं. भिवा जॉबची डगमग मोजणारी डायल त्याला टेकवून मला हळूहळू फिरवतो. काटा सर्वांत वर गेला की थांबतो. समोरचा जबडा किंचित सैल, इकडचा किंचित घट्ट. काटा हलायचा थांबेपर्यंत. बावीस वर्षं हेच. कौतुक म्हणून खंडेनवमीच्या पूजेला एक हार.

यंदा दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी पंपाच्या तीन बॉड्या लागोपाठ वाकड्या निघाल्या. आमचे मालक दादासाहेब तावातावानं आले.

"जबडे घासलेत याचे. भंगारात काढा. आणि भिवा, तुझीही नजर गेली. तूही बस आता घरी."

घासलेत? मी! ओतीव लोखंडाचा असल्यामुळे गप्प बसलो. भिवा बसला नाही.

"शेठ, नजर हाय जाग्यावर. चकापाशी काटा शून्यावर हाय, पर जॉबच्या पार टोकाला नाचतोय. म्हंजे जॉब बसतानाच कलतोय. मागं कायतरी अडकलंय."

"मग दाखव. नाहीतर उद्या दोघंही इथं दिसू नका."

भिवानं जॉब उतरवला आणि माझ्या तोंडावरून बोट फिरवलं. एका जागी थांबला. नखानं खरवडून जे निघालं ते त्यानं दादासाहेबांच्या तळहातावर ठेवलं. तेलाकुंकवात बरबटलेला, चपटा झालेला तांदळाचा दाणा.

"पूजेची अक्षता. कुणी टाकली ही?"

"तुमीच की, शेठ. चांगली मूठभर."

दादासाहेबांनी दाणा बराच वेळ न्याहाळला. मग "देवाची आहे" म्हणून खिशात घातला.

चौथी बॉडी लागली. काटा दोन्ही टोकांना गपगार. भिवाची नजर सुधारली, असं दादासाहेब ऑफिसात सांगत होते.

मित्रांनो, जुन्या लोखंडाला आणि जुन्या माणसाला घासलेलं म्हणण्याआधी एकदा बोट फिरवून बघा. चक पुसा, मगच जॉब लावा. ही विनंती नाही. माझ्या जबड्यांनी विनंती कधी केलेली नाही.

दादासाहेबांनी लगेच पाटी करून आणली: 'चकवर अक्षता टाकू नयेत.' माझ्या डोक्यावर लावून तिची रीतसर पूजा झाली. अक्षता माझ्यावर पडल्या.