तिरडीवरचा शॉट

केशवराव दहिगावकरांना लोक शिनेमातला देव म्हणतात. म्हणोत बापा. यंदा त्यांच्या जन्माची शंभरी, म्हणून अमरावतीत चौकाचौकात त्यांचे फोटो लागले, भाषणं झाली, पेपरात रकानेच्या रकाने आले. मी दुसरी शिकलेली, भातकुलीला शेवंती-झेंडू पिकवणारी पार्बताबाई. पण त्यांचे शिनेमे मीही पाहिलेत, आणि मला जे सांगायचं आहे ते त्या रकान्यांत कुठं आलेलं नाही.

माणसाची नजर मोठी होती, हे आधीच कबूल करते. 'काळी बरड'मध्ये ज्वारीच्या पानावरचं दव असं दाखवलंय की आपला पदर ओला झाला का, म्हणून चाचपून पाहावं. त्याच शिनेमात दुष्काळातला बैल आहे. गुडघे टेकतो आणि मान वळवून मालकाकडं पाहतो. सगळं थेटर रडलं होतं. केशवरावांना खोटं चालत नसे, म्हणून तो बैल खरोखरच उपाशी ठेवला होता. त्या बैलावर मोठमोठ्यांनी लिहिलं. तो कोणाच्या दावणीचा, पुढं उठला का, हे कोणी लिहिलं नाही. मला शिनेमा कळत नाही असं म्हणा, बैल कळतो.

मार्गशीर्षात, फुलांची गडबड असते त्या दिवसांत, श्रावणी घरी आली. अमरावतीच्या कॉलेजात शिकवते. बाप नारायणशास्त्री, पौरोहित्य करणारे. पोरगी हुशार, केशवरावांवर पुस्तक लिहून राहिली होती. ओट्याखाली चप्पल काढून तिनं विचारलं, "शकुनबाई इथंच राहतात ना? 'चौथा खांदा'मधल्या?"

शकुन माझी धाकटी बहीण. अकोल्याला जुन्या शहरात दिली होती. नवरा गेला, लेकरू नव्हतं, तेव्हापासून माझ्याजवळच. माझ्यासमोर बसून हार ओवत होती. सुई न थांबवता म्हणाली, "मीच ते. मेलेली."

"अवं, नीट सांग न पोरीले."

"मंग काय खोटं सांगतलं? शिनेमात मेली म्हनून तं विचारत आली ते. जिती राह्यली असती तं कोन विचारत होतं!"

श्रावणी हसली. शकुनला तेवढंच हवं होतं. तिनं सगळं सांगितलं. शुटिंग पातूरला, आमच्या माहेरी. "हिरोईन म्हने, मी तिरडीवर निजत नसतो, अपशकुन होते. मंग साहेबानं मले पाह्यलं. म्हने, हा चेहरा भेटला तं माहा शिनेमा झाला. बाबा असे फुगले, असे फुगले, की दोन दिवस कोनाशी सीधे बोललेच नाही!"

मी तेव्हा नव्यानं सासरी भातकुलीला आले होते. मला सगळं नंतर कळलं. केशवरावांनी खरा भटजी आणला, खरे मंत्र म्हणवले. माझ्या बहिणीला हिरवं लुगडं नेसवून तिरडीवर बांधलं, तोंडात तुळशीपान ठेवलं, पाणी घातलं. पुढं मडकं. अर्ध्या वाटेवर विसाव्याचा दगड असतो. तिथं तिरडी खाली ठेवतात आणि खांदेकरी बदलतात. तिथं त्यांनी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर लावला आणि लावूनच ठेवला. मनासारखं झालं तशा टाळ्या वाजवल्या. उजेड जायच्या आत सामान गाडीत चढवायला जो तो पळाला. मायनं तिला सोडवलं आणि घरी आणलं.

आमच्यात तिरडीवरून उठलेल्या माणसाला तसंच उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. ते नव्यानं जन्मलं असं धरायचं, न्हाऊ घालायचं, बारसं करायचं. माय म्हणालीही. पण बाबांनी झिडकारलं, "नाटकातल्या मरनाचं कायचं बारसं?" मरण साहेबांनी खरं करून घेतलं होतं. परत येणं तेवढं नाटकातलं राहिलं.

"आजी, दाखवू का?" श्रावणीनं मोबाइल काढला. "रीळ इतकी वर्षं हरवलेलं होतं. आता पुण्यात साफ केलंय. अगदी नवं दिसतं."

"दाखव वं माय. पाहू दे, किती गोरी होती मी." मग शकुन माझ्याकडं वळली. "बाई, त्या पिवळ्यात एखांदं नारंगी..."

आणि थांबली.

मोबाइलमध्ये चार माणसं तिरडी दगडाजवळ ठेवत होती. इथं शकुनची सुई फुलात अर्धी गेलेली. डोळे उघडे, पण त्यांत मी नव्हते, ओटा नव्हता. हनुवटी सैल पडली. हात आपोआप मांडीवरून खाली आले आणि अंगाला लागून सरळ झाले. बांधल्यासारखे.

श्रावणी घाबरली. तिनं बोट टेकवून चित्र थांबवलं. चित्र थांबलं, शकुन तशीच. मी तिच्या नाकाशी हात धरला. वारा नाही. गालाला हात लावला. माघाच्या पहाटे विहिरीचा दगड लागतो तसा.

"बंद कर ते!"

"थांबवलंय आजी!"

"थांबोलं म्हनून तं अडकली! पुढं ने, पुढं!"

तिनं पुढं सरकवलं. माणसांनी तिरडी उचलली, वाटेवर धूळ उडाली.

"...नारंगी घाल, नाई तं हार फिका दिसते," शकुन म्हणाली. सुई फुलातून पलीकडं निघाली. मग आमची तोंडं पाहून, "काय झालं तुमाले? काहून अशा पाहून राह्यल्या?"

तेव्हा मला मागचं एकेक आठवलं. पातूरच्या जत्रेत हा शिनेमा तंबूत लागला, बाबा पाहायला गेले, आणि घरी शकुन परातीत हात घालून ताठ झाली. पुढं अकोल्याला शेजारच्या टीव्हीवर रविवारी दुपारी लागला. ती जिन्यात उभीच्या उभी राहिली. सासरच्यांनी मिरगी म्हटलं. कांदा हुंगवला, डॉक्टर केले. डॉक्टरला काही सापडलं नाही. मग रीळ हरवलं आणि मिरगीही गेली. आम्हाला वाटलं, औषध लागू पडलं. यंदा पावसाळ्यात ती पुन्हा मधूनमधून थिजायची, ते मी वयावर ढकललं; पुण्यात तेव्हाच रीळ साफ होत असणार.

श्रावणीला मी दारापर्यंत सोडायला गेले. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "आजी, माघात हा चित्रपट मोबाइलवर येतोय. कुणीही, कुठूनही, केव्हाही पाहू शकेल."

"म्हंजे कोनी ना कोनी पाहतच राहीन?"

"हो." मग खाली मान घालून म्हणाली, "आणि वर्गात आम्ही हाच शॉट भिंतीवर थांबवून ठेवणार आहोत. त्यावर तासभर बोलणार आहोत."

म्हणजे माझी बहीण अर्ध्या वाक्यात थांबणार आणि उरलेलं वाक्य कधी येणारच नाही.

पोरीनं माझ्यासमोर मुंबईला, शिनेमा ज्यांच्या ताब्यात होता त्या कंपनीला फोन लावला, हातापाया पडली. तेवढा तुकडा काढा म्हणाली. पलीकडचा माणूस म्हणाला, अहो, तोच तर केशवरावांचा वारसा आहे. तो काढला तर राहिलं काय?

मी मोबाइल हिसकावला. "वारसा त्याचा, आन मढं आमचं? असं कसं रे बापा?"

त्यानं ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी श्रावणी मला बापाकडं घेऊन गेली. नारायणशास्त्री हसतील म्हणून मी जीभ तयारच ठेवली होती. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमची आई बरोबर होती. पोथीत आहे ते. अंगाला तूप लावून न्हाऊ घालायचं, जन्मापासूनचे संस्कार करायचे, नाव ठेवायचं. पण पार्बताबाई, बारसं नव्या जिवाचं होतं. त्याआधी जुन्याला निरोप द्यावा लागेल. शकुनच्या नावानं तुम्ही पाणी सोडायचं. आणि ते नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. काढलंत, तर ती जिथं आहे तिथून ओ देईल."

"जिथं म्हंजे कुठं?"

"विसाव्यावर."

"आन मले ओळखन का ते?"

"ते पोथीत नाही," शास्त्री म्हणाले.

ते नाव मी इथं लिहिते आहे, कारण लिहायची मनाई त्यांनी केली नाही. तोंडानं घेत नाही.

घरी येऊन शकुनला सांगितलं. मला वाटलं, थट्टा करेल. केलीच. "नाव बदलतं? नवऱ्यानं बदललं नाई, तू बदलून राह्यली! घुगऱ्या करजो पन. बारशाले घुगऱ्या पाह्यजे." मग फुलं चाळता चाळता म्हणाली, "बाई, तिरडीवर निजली न मी, तवा वरती कडुलिंब दिसे. अजूनही डोये मिटले की त्याचे पानं हालतात. तुले नाई दिसत?"

"नाई."

"मले वाटे, सगळ्याइलेच दिसते."

पौष संपता संपता, सकाळी, आम्ही पेढी नदीच्या काठी गेलो. मी नदीत उभी राहिले. शास्त्री म्हणतील तसं म्हणत शकुनच्या नावानं पाणी सोडलं. काळे तीळ वाहत गेले. ती काठावर, पदर गुडघ्याभोवती गुंडाळून, ते तीळ दूर जाईपर्यंत पाहत होती. एकदा मला वाटलं, पुरे झालं, हिला अशीच घेऊन घरी जावं. पण माघ तोंडावर होता.

मग तिला तूप लावलं, न्हाऊ घातलं, कोऱ्या कपड्यात गुंडाळलं. पाळण्यात मावणार नव्हती म्हणून घरच्या झोपाळ्यावर निजवली. आत्या कुठून आणायची? तिच्या वयाच्या बाईची आत्या जिवंत नसते. शेजारची मैनाबाई आत्या झाली. ती कानाशी वाकली आणि म्हणाली, "तारा." बायांनी रीतीप्रमाणं मैनाबाईच्या पाठीत धपाटे घातले. "अवं हळू माराहो, मी काई तरनी आत्या नोहोय!" ती ओरडली. सगळ्या खिदळल्या.

झोपाळ्यावर तिनं डोळे उघडले. लेकरू दिव्याकडं पाहतं तसं सगळ्यांकडं पाहिलं. घुगऱ्यांचा वास घेतला. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमी कोन वं बाई?"

बायांना वाटलं, थट्टा. पुन्हा हशा झाला. मीही हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हसू तोंडातच राहिलं. जन्मभर मला "तू" म्हणणारी होती ती.

माघात शिनेमा मोबाइलवर आला. त्याच दुपारी अमरावतीच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. श्रावणी मला घेऊन गेली. ताराजवळ मैनाबाईला बसवलं होतं. आधी एका विद्वानानं भाषण केलं. म्हणाला, विसाव्याच्या शॉटमध्ये प्रेताच्या गळ्याकडं नीट पाहा. श्वास चालू दिसतो. कुणी त्याला चूक म्हणतं. पण केशवरावांनी तो जाणून ठेवला, कारण पाहणाऱ्याची आशा सुटू नये. रीळ हरवायच्या आधीच यावर पुस्तकं लिहिली गेलीत.

शिनेमा सुरू झाला. खरं सांगते, चांगला आहे. खांदा द्यायला चौथा माणूस मिळत नाही, एवढीच गोष्ट, पण गावातलं एकेक दार असं बंद होताना दाखवलंय की आपल्याच तोंडावर लावलं म्हणावं. मग विसावा आला. कडुलिंबाची सावली. हिरवं लुगडं. चेहरा पडदाभर झाला.

गळा हलत नव्हता.

लोक थोडा वेळ वाट पाहत राहिले. मग कुजबुज सुरू झाली. विद्वान चष्मा पुसू लागला. श्रावणीनं माझा हात धरला, "आजी, श्वास होता हो. मी पाहिलाय. तुमच्या ओट्यावर दाखवला तेव्हाही होता."

मी मैनाबाईला फोन लावला. "कशी हाय?"

"कोन, तारा? चांगली हाय. हार ओवून राह्यली, तोंड चालूच हाय. काहून?"

"काई नाई," मी म्हटलं आणि पडद्याकडं पाहिलं. माझ्या बहिणीच्या तोंडावरून कॅमेरा हलत नव्हता, आणि माझ्यानंही मान वळवली गेली नाही.

दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या. मग मला वर बोलावलं, केशवरावांबद्दल दोन शब्द सांगा म्हणून. मी माइक धरला. "शिनेमा चांगला हाय. मानसाची नजर मोठी होती. पन ज्या पोरीवर तुमी टाळ्या वाजोल्या, ते माही बहीन. पातूरची. शेवटी एवढ्या नावाइची पाटी येते, चहा देनाऱ्याचंही नाव हाय, तिचं नाई. ते टाका."

पुढच्या रांगेतून कोणी विचारलं, "आजी, नाव काय त्यांचं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सगळे पाहत होते. केशवरावांचं नाव त्या दिवशी तिथं ज्यानं त्यानं घेतलं. मला एक नाव घेता येत नव्हतं. श्रावणी खालून उठली, तिच्या ओठांवर आलंच होतं. मी हात वर करून तिला गप्प केलं. मग भाषणवाल्याचा पेन मागितला आणि त्याच्याच कागदाच्या मागं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, लिहून दिलं. "लिवा पाटीवर. मोठ्यानं वाचू नका."

संध्याकाळच्या आत घरी आले. तारा ओट्यावर होती. मला पाहून सरकून जागा केली.

"कुठं गेल्ता तुमी?"

"शिनेमाले."

"काय होतं त्याच्यात?"

"एक पोरगी होती."

"मंग?"

"वारली."

"खरोखर?"

"हाव."

"कोनाची होती?"

"माही," मी म्हटलं.

"अरेरे," ती म्हणाली. सुई बाजूला ठेवून उठली, आत गेली आणि पाण्याचा गिलास घेऊन आली. दाराशी आलेल्या परक्या बाईला द्यावा तसा, दोन्ही हातांनी, तिनं तो माझ्यापुढं धरला.