पत्र्याचं टोपडं

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. पेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दागिने येतील, नाहीतर गाणं येईल. माझ्यात यातलं काहीच नाही. मी राखाडी रंगाची, शाळेच्या दप्तराएवढी, लोखंडी खांबाला जखडलेली पेटी आहे. एका उभ्या डोंगराच्या उतारावर मी राहते. माझ्या पायाशी जमिनीत तारा पुरलेल्या आहेत. डोंगर बोटभर जरी सरकला, तरी त्या तारा ताणल्या जातात आणि मला कळतं. मला कळलं की मी शहरातल्या कार्यालयाला कळवायचं आणि कार्यालयाने खाली वळणावरचा लाल दिवा लावायचा. दिवा लागला की रस्ता बंद. एवढंच माझं काम. पण त्या रस्त्याने रोज माणसं जातात, म्हणून मी ते कधी हलकं मानलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. माझे स्क्रू आवळणाऱ्या मुलीने शेवटी माझ्या झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाली, "जा बाई, सुखाने नांद." मी कुठे नांदायला चालले आहे हे तिला कुठे ठाऊक होतं! इथे ना शेजार, ना पाजार. वारा मात्र बारा महिने चोवीस तास सोबतीला.

मला पाठीवर वाहून इथवर आणलं ते चष्मेवाल्याने. तो कार्यालयातला तंत्रज्ञ. त्याचा चष्मा नाकावर कमी आणि कपाळावर जास्त असायचा आणि तोच तो सगळीकडे शोधत फिरायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं. माणूस मात्र कामाचा पक्का. त्याने मला खांबावर बसवलं, उन्हापासून वीज करणारी माझी तावदानं वेगळ्या दांड्यावर लावली आणि समोरच्या डोंगरावरच्या टॉवरशी माझी ओळख करून दिली. मी बोलायचं ते टॉवरने ऐकायचं आणि पुढे पोहोचवायचं, असं ठरलं.

टॉवर स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याचा भरवसा नव्हता. जोराचा वारा सुटला, वीज गेली की तो आपला गप्प. म्हणजे डोंगराला ज्या दिवशी खाली यायची हुक्की येणार, नेमकी त्याच दिवशी माझी वाचा बसणार. चष्मेवाल्याला हे फार लागायचं. शेवटी कार्यालयाच्या मागे लागून लागून त्याने माझ्यासाठी दुसरी वाट मंजूर करून घेतली. एका वर्षी तो वाटीएवढं पांढरं झाकण घेऊन वर आला आणि ते त्याने माझ्या डोक्यावर बसवलं.

तेव्हा मावशी तिथेच होती. मावशी म्हणजे रस्त्यावर पडलेले दगड उचलणाऱ्या टोळीतली बाई. तिच्याहून मोठी माणसंही तिला मावशीच म्हणायची. आठवड्यातून एकदा तरी ती पायवाटेने वर यायची, माझ्याभोवतीचं गवत काढायची, माझं तोंड फडक्याने पुसायची. हे तिचं काम नव्हतं. पण तिचा नवरा त्याच रस्त्याने रोज दुधाची गाडी न्यायचा. सकाळी रिकामे कॅन घेऊन वर, दुपारी भरलेले घेऊन खाली. मला पुसता पुसता ती म्हणायची, "लक्ष ठेव गं पोरी आमच्या माणसावर."

"साहेब, ही वाटी कशाला?" तिने विचारलं.

"मावशी, समोरचा टॉवर बंद पडला ना, तर ही सरळ आभाळाशी बोलणार. वर उपग्रह फिरतात. ते हिचं ऐकणार आणि कार्यालयाला सांगणार. खाली दिव्यालाही अशीच वाटी बसवली आहे."

"म्हणजे देवाला हाक मारल्यासारखं?"

"देवाचं मला माहीत नाही. हे ऐकतात." तो हसला आणि कपाळावरचा चष्मा जमिनीवर शोधू लागला.

एक गोष्ट सांगायची मात्र त्याच्याकडून राहून गेली. त्या वाटीला आभाळ मोकळं लागतं. हे त्याच्या इतक्या रोजच्या सवयीचं होतं, की ते कुणाला सांगावं लागेल असं त्याच्या मनातच आलं नाही. आणि या ओसाड उतारावर मला झाकायला येणार तरी कोण होतं?

पुढची दोन वर्षं माझ्या कौतुकाची. दोनदा डोंगर कुरकुरला, दोनदा मी वेळेवर सांगितलं, दोनदा मोकळ्या रस्त्यावर दगड कोसळले आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. दोन्ही वेळा टॉवर शुद्धीवर होता, त्यामुळे आभाळाला हाक मारायची वेळ आली नाही. कार्यालयात माझा फोटो लावला म्हणे. मावशी तर टोळीत असं सांगत फिरायची, जणू तिची लेक पहिली आली.

मग एका दुपारी गारांचा मारा झाला. सुपारीएवढ्या गारा! माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या झाकणाची कड तडकली. दुसऱ्या दिवशी मावशीने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, डोकं फुटलं की पोरीचं!"

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, ती नवऱ्याला घेऊन आली. दूधगाडीवाला अंगाने जाडजूड. चढताना त्याला इतकी धाप लागली होती, की मला वाटलं आता यालाच खांबाला टेकवून बसवावं लागणार. त्याच्या हातात तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून, ठोकून, कडा मुडपून केलेली एक गोल टोपी होती. कडेने हात कापू नये म्हणून तिला त्याने रबराची नळी चिरून बसवली होती.

"अहो, जरा पुढून वाकवा. पाऊस तोंडावर येतो तिच्या."

"आता काय हिला अंगाईही म्हणू?" तो म्हणाला, पण वाकवली. तारेने घट्ट बांधली. मग मागे सरकून त्याने मान तिरकी करून बघितलं. "झालं तुझ्या लेकीचं टोपडं. बघ, शोभतंय की नाही!"

मावशी हसली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं. पाऊस पडला की त्यावर ताड ताड वाजायचं आणि मी आत कोरडी असायचे. इतकं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं.

टॉवरशी माझं बोलणं आडवं चालायचं, टोपड्याखालून. त्यात काही अडलं नाही. कार्यालयातल्या पडद्यावर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसत राहिला. ठिपका हिरवा आहे तर डोंगर चढायचा कशाला, असं म्हणून चष्मेवाल्याच्या फेऱ्या वरच्यांनी बंद केल्या. आभाळाची वाट बंद झाली आहे हे ना त्याला कळलं, ना मावशीला, ना मला. जी वाट कधी चाललोच नाही, ती बुजली आहे हे कळणार कसं?

त्या वर्षी पाऊस दिवसचे दिवस थांबला नाही. एका सकाळी टॉवर गप्प झाला. मी घाबरले नाही. माझ्याकडे दुसरी वाट होती. दुपारच्या आधी माझ्या पायाखालच्या तारा ताणल्या गेल्या. आधी बोटभर, मग वीतभर. मी आभाळाला हाक मारली. ती पत्र्यावर आपटून माझ्याकडेच परत आली. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा, आणि पुन्हा. खाली वळणावरच्या दिव्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं, त्याचे लाड कुणी केले नव्हते. तो आभाळाकडे कान लावून तयार उभा होता. आणि कार्यालयात सगळे निर्धास्त होते. आभाळाची वाट आहे ना! पेटी बोलत नाही, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

वरून दुधाची गाडी येताना मला दिसली. वळणाच्या थोडी अलीकडे ती थांबली. मला वाटलं, वाचला. मग ती पुन्हा निघाली आणि नेमकी माझ्या खालच्या टप्प्यात आली, तेव्हा डोंगर सुटला.

पुढचं मी सांगत नाही. दुधाचे कॅन दुसऱ्या दिवशी सापडले. तो तिसऱ्या दिवशी.

मावशी वर आली ती बऱ्याच दिवसांनी. तिने गवत काढलं नाही. माझ्याजवळ दगडावर बसली आणि माझ्याशी बोलली, तिच्या नेहमीच्या आवाजात.

"गाडी थांबवून त्यांनी मला फोन केला होता गं. म्हणाले, पाऊस फार आहे, इथून दिवा दिसत नाही, थांबू का? मी दिव्याखालीच उभी होते. वर बघितलं, दिवा बंद. म्हटलं, या तुम्ही, आपली पोर गप्प आहे." मग म्हणाली, "तू का गं गप्प होतीस?"

मला उत्तर माहीत होतं. पण माझी वाचा फक्त डोंगर सरकल्याचं सांगण्यापुरती. त्या दिवसाइतकी मी कधीच मुकी नव्हते.

थोड्या वेळाने चष्मेवाला चढून आला. त्याला मावशी तिथे असेल असं वाटलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपडं पाहिलं, आणि तो जागीच थांबला. या वेळी चष्मा नाकावर होता. त्याने तारा सोडल्या, टोपडं काढून खाली ठेवलं आणि माझ्या पोटातली बटणं बघण्याचं निमित्त करत राहिला.

"साहेब, हिचं काय बिघडलं होतं?"

"हिचं काही नाही, मावशी. चूक माझी. मी तपासायला यायला हवं होतं. नाही आलो." हे खरं होतं. अर्धं खरं. उरलेलं अर्धं गिळून टाकायचं त्याने ठरवलं होतं, हे मला दिसत होतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

तो निघायच्या तयारीला लागला. मावशी उठली, टोपडं उचललं, बाहीने पुसलं आणि पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवलं.

"असू दे हे. त्यांच्या हातचं आहे. गारांचे दिवस येतील पुन्हा." ती तार पिळू लागली.

चष्मेवाल्याने तिचा हात धरला. धरला आणि सोडला. "मावशी, नका."

"का?"

त्याने चष्मा काढला. "त्याच्याखालून आभाळ दिसत नाही हिला. आभाळ दिसलं नाही तर हिची हाक वर जात नाही. मी तुम्हाला हे सांगायला हवं होतं. वाटी लावली त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

मावशी उभीच राहिली. तिने एकदा टोपड्याकडे पाहिलं, एकदा वर. तिला कळायला वेळ लागला नाही.  पिळलेली तार तिने उलटी फिरवायला घेतली, एकेक वेढा, अगदी हळू, आणि टोपडं उतरवून पोटाशी धरलं.

"पुढून वाकवा, असं मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. चष्मेवाला रडत होता. ती नाही.

आता कार्यालयाने नियम बदलला आहे. मी तासभर गप्प राहिले की दिवा आपोआप लाल होतो. माझ्या शांततेवर आता कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरंच आहे. शिवाय दर महिन्याला मावशी वर येते. चष्मेवाल्याने तिला शिकवलं आहे. टॉवरशी बोलायची माझी तार ती स्वतःच्या हाताने काढते, बटण दाबते आणि माझ्या डोक्याला हात न लावता खालच्या वळणाकडे बघत राहते. माझी हाक आभाळातून फिरून खाली पोहोचते आणि लगेच दिवा लागतो. मग ती तार जागेवर बसवते. पुढच्या गारांत माझं झाकण आणखी तडकलं. ती झाडाखाली उभी राहून बघत होती. हातात काही नव्हतं.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला झाकण्याआधी विचारा, की बाबा रे, तुला लागतं काय? आणि अडचणीसाठी राखून ठेवलेली वाट अडचण येण्याआधी एकदा चालून बघा. मी म्हातारी पेटी, याहून मोठं शहाणपण माझ्याकडे नाही.

परवाच मावशी आली होती. दिवा लागला, तसा वळणावर एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बघू लागला. कुठलाही दगड पडत नव्हता, नुसती परीक्षा होती. मावशी पटकन तार बसवून दिवा बंद करणार होती. मग थांबली. तो माणूस तसा थांबलेला तिने थोडा वेळ बघून घेतला.