सगळे आले का?

मी दाराची आतली कडी बोलतेय. सध्या खिडकीच्या कट्ट्यावर पडून आहे. वाकडी झालेय, आणि माझा एक स्क्रू अजून दाराच्या फळीतच रुतून बसलाय. लोखंडाची जात, रडायची सोय नाही. पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

लोहाराकडून मी या घरात आले तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नव्हती. आईवडील, त्यांचे दोन मुलगे, सुना, पोरंटोरं, आणि एक आत्या. ती नक्की कोणाची आत्या, हे कोणालाच धड सांगता यायचं नाही. पण ताट सगळ्यांबरोबर तिचंही पडायचं.

घराचा एक नियम होता. जो शेवटी येईल, त्याने मला लावायचं. अंधार पडला की स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "सगळे आले का?"

"धाकटा यायचाय," कोणीतरी सांगायचं.

धाकटा बेकरीत भट्टीवर कामाला होता. शेवटचा पाव बाहेर काढून तो घरी यायचा, त्यामुळे मी जवळजवळ रोज त्याच्याच हातून लागायचे. माझ्यावर पिठाची बोटं उमटायची. सकाळी मोठी सून ती पुसायची आणि त्याच्या नावाने बोटं मोडायची.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नका. नळावरून सुनांची रोज जुंपायची. एकदा थोरल्याने धाकट्याच्या कानाखाली काढली आणि धाकटा पाय आपटत निघून गेला. वडील म्हणाले, "लावा कडी. येईल तेव्हा वाजवेल दार."

आई दाराशी स्टूल घेऊन बसली. "घरातलं माणूस बाहेर असताना कडी लावतात का कुठे?" म्हणाली. तो आला तेव्हाच ती उठली.

वडील गेले, मग आई गेली, आणि भाऊ वेगळे झाले. भांडीकुंडी वाटून झाली. आत्या कोणाकडे, यावर मात्र बराच खल झाला. शेवटी तिची वृद्धाश्रमात सोय लावली. जाताना तिने माझ्यावरून हात फिरवला. त्या संध्याकाळी "सगळे आले का" असं कोणी विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मग घर म्हणजे धाकटा, त्याची बायको आणि मुलगा. मुलगा कॉलेजात जायला लागला आणि त्याने दाराला लॅच बसवून घेतलं. प्रत्येकाला आपापली चावी. "आता कोणी कोणासाठी ताटकळायला नको," तो म्हणाला. त्यात चुकीचं काय होतं? भट्टीपुढे भाजून आलेल्या माणसाला झोप नको का? पण कोण आलं, कोण नाही, हे आता दाराशी पडलेल्या चपलांवरून कळायचं. माझ्यावर गंज चढू लागला.

बायको गेली. मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात. बेकरी सुटली. सत्तरी ओलांडली तरी त्याला जुनी माणसं धाकटाच म्हणत, आणि तशी माणसंही फारशी उरली नव्हती.

"बाबा, आतली कडी लावत जाऊ नका," मुलाने बजावलं होतं. "काही झालं तर दार बाहेरून उघडता आलं पाहिजे. खालच्या काकूंकडे चावी देऊन ठेवलीय." शिवाय रोज सकाळी फोनवर एका फुलाचं चित्र पाठवायचं. फूल आलं म्हणजे बाप बरा आहे.

धाकटा ऐकायचा. संध्याकाळी सवयीने हात माझ्यापर्यंत यायचा, मग "पोरगा यायचाय" असं पुटपुटत तो मागे घ्यायचा. पोरगा दर वेळी म्हणायचा, या रविवारी येतो.

परवा शनिवारी फोन आला. "बाबा, उद्याही जमेलसं दिसत नाही. पुढच्या महिन्यात नक्की."

"बरं."

"जेवलात ना?"

"हो," तो म्हणाला. ताट झाकलेलंच होतं.

फोन ठेवून तो माझ्यापाशी आला. वळून रिकाम्या खोलीला विचारलं, "सगळे आले का?" उभा राहिला. मग स्वतःच म्हणाला, "आले." आणि मला लावलं.

सकाळी तो घरातल्या बोळात पडला. फूल गेलं नाही. मुलाने घाबरून काकूंना फोन केला. त्या धावत आल्या, चावी फिरली, लॅच उघडलं, पण दार हलेना. मी लागलेली होते.

"काका, कडी काढा," काकू ओरडत होत्या.

"येतो, येतो," म्हणत तो सरपटत दाराशी आला. हात वर आला आणि माझ्या जरा खाली थांबला. मला आपलं आपण सरकता आलं असतं तर! काकूंनी बोलावलेल्या सुताराने पहार घालून मला उखडलं, तोवर तो हात खाली गेला होता.

ज्या रविवारी जमणार नव्हतं, त्याच रविवारी मुलगा आला. खांद्यावरची बॅगही न उतरवता त्याने मला उचललं. "इतकं सांगूनही कडी का लावली असेल?"

"वय झालं होतं रे. विसरले असतील," काकू म्हणाल्या.

त्याने मान हलवली. विसरला नव्हता हो तो. पण माझं कोण ऐकणार?

"नवी कडी बसवू का?" सुताराने विचारलं.

"नको. लॅच पुरे."

तुमच्या दाराला माझ्यासारखी एखादी असेल, तर आज तिला हात लावण्याआधी एकदा मोठ्याने विचारा, सगळे आले का. उत्तर लगेच आलं नाही तर जरा थांबा. तोही थांबला होता, बराच वेळ.