विस्तवाचं टोक

असिरम्माला ती मुलगी पहिल्या दिवसापासूनच खटकली. एक तर ती फार गोड बोलायची आणि त्या गोड बोलण्याचे पैसेही मागत नव्हती. असिरम्माचं सगळं आयुष्य किनाऱ्यावर मासळी विकण्यात गेलं होतं. घासाघीस न करता कुणी गोड बोलायला लागलं, की ती त्याची टोपली खालपर्यंत उपसून बघायची.

मुलीचं नाव वनजाक्षी. लांबची, समुद्र नसलेल्या कर्नूलकडची. दवाखान्यातल्या रोग्यांची बिडी-तंबाखू सोडवायची, एवढंच तिचं काम. असिरम्माच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती, म्हणून डॉक्टरांनी तिला या मुलीच्या हवाली केलं होतं.

"तंबाखूनं पायाकडची रक्ताची नळी आखडलीय," डॉक्टर म्हणाले होते. "दहा दिवस तंबाखू बंद ठेवा. मग नळी मोकळी करून पाय वाचवायला बघू. नाही तर गुडघ्याखाली कापावा लागेल."

असिरम्मानं त्यातून आपला अर्थ काढला. पायाचा ठणका सोसवत होता तो चुट्ट्यामुळे, तंबाखूच्या त्या जाड विडीमुळे. चुट्टा काढून घेतला की ठणका वाढणार, आणि मग म्हातारी स्वतःच ओरडून सांगणार, कापा एकदाचा. म्हणजे दोष कुणाचाच नाही. वाडीतला पोलय्या असाच दोन पायांनी या दवाखान्यात आला आणि एका पायानं घरी गेला होता. तिनं कमरेच्या ओच्यात चुट्ट्यांची पुडी आणखी आत खोचली.

तिसऱ्या दिवशी वनजाक्षी खाटेपाशी येऊन म्हणाली, "अव्वा, अगदीच राहवत नसेल तर चुट्टा नुसता तोंडात धरा. पेटवायचा मात्र नाही. तोंडाला तेवढाच चाळा."

असिरम्मा तिच्याकडे बघतच राहिली. हिला खरंच माहीत नाही, की हा सापळा आहे?

त्या किनाऱ्यावरच्या बायका चुट्टा उलटा ओढतात. पेटलेलं टोक तोंडात, गार टोक बाहेर. समुद्राच्या वाऱ्यात विस्तव विझत नाही, ओल्या हातांनी मासळी निवडताना सारखा पेटवावा लागत नाही. असिरम्माला हे तिच्या आईनं शिकवलं होतं. ओठ मिटले की पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त विझलेला बुडखा.

तिनं करून बघायचं ठरवलं. व्हरांड्यात समोरच्या वॉर्डातले पुरुष चोरून बिड्या फुंकायचे, त्यामुळे तिथे धुराचा वास कायमचाच. ती तिथे जाऊन बसली. थोड्या वेळानं वनजाक्षी आली, वाकली आणि चुट्ट्याच्या टोकाला तिनं बोट लावून पाहिलं.

"एकदम गार! शाबास, अव्वा!"

असिरम्मानं मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

फुंकायचं यंत्र मात्र ऐकेना. श्वास सोडला की त्यावर आतल्या धुराचा आकडा यायचा. सहाच्या आत यायला हवा, तो आला एकोणीस. दुसऱ्या दिवशी एकवीस. वनजाक्षीनं यंत्र पुसलं, झटकलं, स्वतः फुंकून पाहिलं. दोन. शेजारच्या खाटेवरच्या बाईला फुंकायला लावलं. तीन.

"हिला सगळं कळलंय," असिरम्मा आया गवरम्माला म्हणाली. "मला खेळवतेय. कागदावर सगळं लिहून ठेवते आणि एक दिवस डॉक्टरपुढे धरणार, ही बघा म्हातारी खोटारडी, कापा पाय."

गवरम्मा पदरात तोंड घालून हसली. "अगं, तिला कसलं कळतंय! मला विचारत होती, म्हातारी रात्री झोपेत फुंकते का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? माझ्या कमरेलाही पुडी आहे."

पाचव्या दिवशी दुपारी सून आली. रत्नालू रोज दोन बस बदलून नाचणीच्या अंबलीचा डबा घेऊन यायची. वनजाक्षीनं तिची पिशवी हातातून घेतली आणि व्हरांड्यातल्या बाकावर, असिरम्माशेजारी पालथी केली. डबा, लुगडं, कंगवा. पिशवी झटकूनही काही निघालं नाही.

"कुठे लपवलंस? तुझ्याशिवाय यांना भेटायला येतं कोण?"

"मी देते?" रत्नालूचा आवाज चढला. "घरात तंबाखूचं पान दिसलं तर मी चुलीत घालते! यावरून आमची रोज भांडणं! विचारा माझ्या सासूला, अत्तांना!"

असिरम्माच्या तोंडात त्या वेळी चुट्टा होता. रत्नालूनं सासूच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. ती त्याच किनाऱ्यावर वाढलेली, तिला एका नजरेत समजलं. असिरम्माला वाटलं, आता ही बोलणार. अकरा वर्षांचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ कुठली?

रत्नालूनं डबा आणि लुगडं सासूपाशी ठेवलं. तिनं कंगवा पिशवीत टाकला आणि खाली मान घालून निघून गेली.

"उद्यापासून ती आत येणार नाही," वनजाक्षी म्हणाली. "पहारेकऱ्याला सांगते. अव्वा, तुमचा काही दोष नाही हो. तुमची सूनच तुम्हाला बुडवतेय."

दुसऱ्या दिवशी डबा गवरम्माच्या हातून आला. व्हरांड्यातून फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर उन्हात, डोक्यावर पदर ओढून रत्नालू उभी होती. दुपारची बस निघून गेली तरी ती तिथेच. असिरम्मानं डबा उघडला आणि तसाच परत बंद केला.

तिनं हाक मारली. "ए पोरी, इकडे ये. बस खाली."

वनजाक्षी बसली. असिरम्मानं चुट्टा काढला, तिच्यादेखत काडी ओढली, टोक लाल झालं तसा तो उलटा केला आणि विस्तव तोंडात घालून ओठ मिटले.

"अव्वा! पोळेल!" मुलगी किंचाळून तिच्या हातावर झेपावली.

असिरम्मानं तोंड उघडलं. आत निखारा धुमसत होता.

"म्हणजे मी बोट लावलं तेव्हा..."

"तेव्हाही पेटलेलाच होता."

"आणि मी शाबास म्हणाले."

"दोनदा म्हणालीस."

दाराशी गवरम्मा हसून हसून भिंतीला टेकली. वनजाक्षी लाल झाली, मग पांढरी. तिनं चप्पलही घातली नाही, तशीच फाटकाकडे धावत सुटली. रत्नालूचे दोन्ही हात धरून ती काहीतरी बोलत होती आणि पहारेकरी बघत होता.

असिरम्मा लांबून पाहत राहिली. चार दिवस नाकासमोर धूर आणि हिला पत्ता नाही. एवढ्या सहज फसणारी पोर दुसऱ्याला काय फसवणार? तरी तिनं एक शेवटची चाचपणी केली. दोघी जवळ आल्यावर विचारलं, "चुट्टा टाकला तर पाय राहील, असं लिहून देतेस?"

"नाही," वनजाक्षी म्हणाली. "तसं लिहून देता येत नाही. करंगळी बहुतेक जाईल. पाय राहायची आशा आहे. चालू ठेवलात तर मात्र पाय जाणार, हे लिहून देते."

आजवर या पायाला तेल विकणाऱ्यानं आणि ताईत बांधणाऱ्यानं असिरम्माला शपथेवर सांगितलं होतं, बरा होणार. नाही म्हणणारी ही पहिलीच.

असिरम्मानं कमरेची पुडी काढली आणि रत्नालूच्या हातात दिली. "हिच्याकडे नको. हिला कुणीही गंडवेल."

वनजाक्षीनं कागदावरचे जुने आकडे खोडले. "आज पहिला दिवस धरू. मी डॉक्टरांना माझी चूक सांगते आणि दुखण्याची गोळी लिहून आणते. दुखलं की लपवायचं नाही, अव्वा."

ती गेली आणि तासाभरात ठणका सुरू झाला. करंगळीतून निघून तो पोटरीत चढला. असिरम्माचा हात आपोआप कमरेकडे गेला, तिथे काही नव्हतं. तिनं सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"बोल काहीतरी."

"काय बोलू, अत्ता?"

"काहीही बोल. भांड माझ्याशी."

रत्नालूनं खाटेवर नीट मांडी घातली आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.